सरावातला अतिरेकी

सुनेने आपल्याला पकडलं तर पदरात काय काय पडेल, हे अतिरेकीकाकांनी आठ दिवस आधीच बोटांवर मोजून ठेवलं होतं. दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी नातीच्या शाळेची मागची भिंत, म्हणजे घंटा वाजल्यावर घरातून निघालं तरी पोर वेळेवर. बायकोने वीस वर्षं खपून जमवलेली शेजारणींची फौज. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे धाकट्या भावाच्या दारात सामान उतरवून 'थोडे दिवस' असं खोटं हसत म्हणावं लागणार नव्हतं. एवढं सगळं एका पकडण्यात. बदल्यात करायचं काय, तर बॅग घेऊन तीन नंबरच्या गेटातून शिरायचं आणि सुनेच्या हातात आपला दंड द्यायचा. सौदा वाईट नव्हता.

काका मोठ्या बसस्थानकाच्या सामानघरात कामाला. लोकांच्या बॅगा घ्यायच्या, बिल्ला द्यायचा, बिल्ला घ्यायचा, बॅग द्यायची. अतिरेकी ते वर्षातून एकदाच होत, सुरक्षेच्या सरावाच्या दिवशी. एकतीस वर्षांपूर्वी पहिला सराव ठरला तेव्हा अतिरेकी कोण होणार या प्रश्नावर अख्खी बैठक आपापल्या चपलांकडे बघू लागली. काका त्या दिवशी दाढ काढायला गेले होते. न आलेल्या माणसाचं नाव घालायला कुणाची हरकत असते? सुजलेला गाल घेऊन ते दुसऱ्या दिवशी कामावर आले, तो अतिरेकी होऊनच. नाव चिकटलं ते कायमचं. बसस्थानकावरची लहान मुलंसुद्धा "अतिरेकीकाका, गोळी द्या ना," म्हणत मागे लागत आणि काका खिशातून लिमलेटची गोळी काढत.

सरावात अतिरेकी पकडला जायचा, हे ठरलेलं. कुणाच्या हातून, एवढंच काकांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी कधी वाया जाऊ दिलं नाही. एखाद्या गार्डची बदली अडलीय, याला पकडू दे. एखाद्याच्या बायकोचे दिवस भरलेत आणि रजा मिळत नाही, मग साहेबांच्या नजरेत यायला त्याला धरू दे. काका कुणाकडून काही घेत नसत. म्हणजे हातात घेत नसत. सामानघरापुढे मात्र कुणी गाडी आडवी लावत नसे, आणि काकांच्या बसायच्या खुर्चीची वीण सुटली की दुसऱ्या दिवशी ती नवी विणलेली असे. पहिली काही वर्षं सोडली तर अहवाल दर वर्षी एकच जाई: 'अतिरेकी चार मिनिटांत ताब्यात.' वरचे खूश, खालचे खूश, पकडणारा तर फारच खूश.

या वर्षी मात्र पकडण्याचं मोल चढलं होतं. कंत्राटावरच्या अकरा गार्डांतून एकाला कायम करणार होते, आणि सरावातल्या कामावर ते ठरणार होतं. त्या अकरांत काकांची सून होती. काका पाच महिन्यांनी निवृत्त होणार. घरातलं दुसरं कुणी कायम नोकरीत असलं तर राहतं क्वार्टर त्याच्या नावावर होई, नसलं तर तीस दिवसांत रिकामं. मुलगा लांबच्या मालट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. तेव्हा भिस्त सारी सुनेवर. काकांनी तिला सांगून टाकलं होतं, "तीन नंबरवर उभी राहा. मी येतो."

अकरांत दुसरा जोरदार उमेदवार पैलवान. दोन नंबरच्या गेटवरचा. अंगाने कपाट, आवाज ढोलासारखा, गुडघा मात्र कामातून गेलेला. काकांची खुर्ची या खेपेला त्यानेच विणून दिली होती, मागच्या महिन्यात, न सांगता. पण काकांच्या घरातच गार्ड आहे म्हटल्यावर त्याला काय ते कळलं होतं. "चालू द्या तुमचं घरचं," एवढंच तो म्हणाला होता आणि तेव्हापासून चहालाही थांबत नव्हता.

सगळं असं जुळलेलं असताना नव्या सुरक्षा अधिकारी आल्या. तिशी-पस्तिशीच्या, बोलायला मऊ आणि वाचायची वाईट खोड. त्यांनी एकतीसच्या एकतीस अहवाल एका बैठकीत वाचले आणि दुपारी सामानघरात येऊन उभ्या राहिल्या.

"काका, तुम्ही एकदाही सुटला नाहीत?"

"मॅडम, हे काय पळायचं वय आहे?"

"पहिल्या वर्षी तुम्ही अठ्ठावीसचे होतात."

"तेव्हा बूट चावत होता."

त्या हसल्या, आणि काकांच्या लक्षात आलं की हसणारी माणसं जास्त त्रास देतात. "मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "आपले गार्ड अतिरेक्याला ओळखायला शिकलेत, की तुम्हाला?"

काकांनी मान खाजवली. मग फडताळावरून पत्र्याची पेटी खाली ओढली. दर वर्षीच्या सरावाचं सामान त्यांनी तिच्यात जपलं होतं. सामानघरातल्या माणसाला दुसऱ्याचं काही टाकवत नाही.

सगळ्यांत खाली लाकडी पिस्तूल होतं आणि एक चिठ्ठी. "ही आमची पहिल्या वर्षीची. आमच्या तीन माणसांना सोडा, पेपरात आमचं पत्रक छापा, नाहीतर बसमधल्या माणसांचं काही खरं नाही. तेव्हाच्या साहेबांनी स्वतः लिहून दिली होती, अक्षर बघा कसं मोत्यासारखं! चार तास बसमध्ये बसलो होतो. बोलणी चालली होती. मध्ये जेवणसुद्धा आलं."

"म्हणजे त्याला काहीतरी हवं होतं."

"हो ना. आणि हवं असलेल्या माणसाशी बोलता येतं, मॅडम. तो वाईट असतो, माणसं मारतो, सगळं खरं. पण त्याला वाटतं लोकांनी बघावं, ऐकावं. फार मेली तर ऐकणार कोण, एवढा हिशेब त्याच्याकडे असायचा." काकांनी पुढची वस्तू काढली, एक जुनी शबनम बॅग. "मग पाच-सहा वर्षांनी चिठ्ठी बंद झाली. साहेब म्हणाले, नुसती बॅग ठेव आणि जा. मी विचारलं, मागायचं काय? म्हणाले, काही नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. म्हटलं, मागणं नाही तर हा माणूस आलाय कशाला?"

पेटीत पुढे एक कापडी जाकीट होतं, वाळू भरलेल्या नळ्या शिवलेलं. ते काकांनी उलगडलं नाही, नुसतं बाजूला केलं. "हे चार वर्षं घातलं. याला परत जायचंच नसतं. बायको म्हणाली, हे घालून घरात येऊ नका. आणि त्याच्यानंतर ही पेटी रिकामीच, बघा. एका वर्षी म्हणाले, स्वयंपाकघरातली सुरी आण. एका वर्षी म्हणाले, गॅरेजमधली गाडी घे. विकत काही आणायचंच नाही. गेल्या वर्षी तर मला टोळीही नव्हती. मी म्हणे एकटाच, घरी बसून फोनवर काहीबाही वाचलं आणि उठून आलो. मी साहेबांना विचारलं, मला पाठवलं कुणी? ते म्हणाले, कुणी नाही. त्यांनी तुझं नावही ऐकलेलं नाही, पण तू पकडला गेलास की ते म्हणतील, आमचाच."

मॅडमनी चिठ्ठीची घडी घालून ती पेटीत परत ठेवली.

"आधी तो स्वतःचं सगळं घेऊन यायचा," त्या हळूच म्हणाल्या. "मग आपल्या घरातलं वापरायला लागला. आता पुढचा येणारच नाही, काका. तो फक्त कळवेल. धावू आपणच."

मग त्यांनी या वर्षीचा बेत सांगितला. काकांनी जुनी बॅग घेऊन एक नंबरच्या गेटातून यायचं आणि चौकशीच्या खिडकीकडे सावकाश चालायचं. बस्स. काका म्हणजे नुसतं आमिष. खरा हल्ला फोनवरून होणार: प्रवासी म्हणून बसवलेल्या दीडशे माणसांना मेसेज जाणार की एक नंबरच्या गेटवर गोळीबार झालाय, जवळच्या दाराने बाहेर पडा. जो गार्ड काकांमागे न धावता आपलं गेट उघडून माणसं बाहेर काढेल, तो पास. जो काकांना पकडेल, तो नापास.

काकांनी पेटीचं झाकण लावलं.

"कुणाला बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "घरातसुद्धा."

"घरातसुद्धा नाही," काका म्हणाले. आणि त्या घटकेला ते खरंच बोलत होते.

त्या संध्याकाळी सून ओट्याशी बसून मटार सोलत होती आणि काकांची बायको उद्या घालायच्या साड्या पारखत होती. सरावात प्रवासी म्हणून कर्मचाऱ्यांच्याच घरची माणसं बसवत, आणि जेवणाचं पाकीट मिळे. काका दोनदा पाणी प्यायले. मनातल्या मनात त्यांनी हिशेब केला: सगळं सांगावं तर मॅडमना दिलेला शब्द जातो. काहीच सांगू नये तर पोरगी आपल्याला एक नंबरवर बघून धावेल आणि हातची नोकरी घालवेल. तेव्हा अर्धंच सांगावं. अर्ध्याने शब्दही अर्धाच मोडतो.

"उद्या मला धरू नकोस," ते म्हणाले.

मटाराची शेंग सुनेच्या हातात तशीच राहिली. "का, बाबा?"

"मी सांगतो म्हणून. आपल्या गेटवर उभी राहा. जागची हलू नकोस."

तिने शेंग खाली ठेवली. "कुणाला दिलंत?"

"काय दिलं?"

"माझं पकडणं. पैलवानाला ना? खुर्ची विणून दिली त्याने, मला काय दिसत नाही?"

"अगं, तसं नाही ते."

"मग कसं आहे?"

काका गप्प. एकतीस वर्षं ज्याने पकडणं वाटलं, त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ त्या घरात एकच होत होता.

"अहो, यांना धरायला माणसं भांडायला लागली," बायको साडीची घडी मोडत म्हणाली. "मी चौतीस वर्षं धरून बसलेय, मला नाही कुणी कायम केलं ते."

सुनेने राहिलेल्या शेंगा न सोलताच भांड्यात लोटल्या आणि ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी दहाला बसस्थानकाची एक बाजू दोरी बांधून बंद केली. बाकांवर दीडशे माणसं बसली: कंडक्टरांच्या बायका, मेकॅनिकांच्या आया, शेजारपाजारची पोरं. जास्त करून तीन नंबरच्या बाजूला, कारण तिकडे पंखे चालत होते. तीन नंबरचं गेट अरुंद. एका वेळी एक माणूस सोडणारं लोखंडी फिरतं चाक, आणि शेजारी मोठा दरवाजा, कुलूप लावलेला. कुलपाची किल्ली गार्डच्या पट्ट्याला. तसा नियमच होता, किल्ली हरवू नये म्हणून.

काका एक नंबरमधून शिरले. तिथल्या दोघा गार्डांनी त्यांना बघून आधी सलाम केला आणि मग आठवण होऊन ते मागे धावले. काका ठरल्याप्रमाणे चौकशीच्या खिडकीकडे चालू लागले. ती खिडकी दोन नंबरच्या गेटालगत. म्हणजे लांबून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? म्हातारा बॅग घेऊन थेट पैलवानाच्या कुशीत चाललाय.

तीन नंबरवरून ते सुनेने बघितलं.

ती काय धावली! बाकांवरची पोरं ओरडून तिला जोर देत होती. चारी बाजूंनी गार्ड येत होते, पण तिने सगळ्यांना मागे टाकून, पैलवानापासून दहा पावलांवर सासऱ्याचं मनगट धरलं आणि पाठीमागे पिळलं. थोडं जास्तच पिळलं.

"घ्या," ती धापा टाकत पैलवानाला म्हणाली. "आता घ्या कायम होऊन."

पैलवान हाताची घडी घालून आपल्या गेटला टेकून उभा होता. तो तसूभरही हलला नव्हता. म्हाताऱ्याने घरातच वाटणी केलीय म्हटल्यावर तो गुडघा दुखवून धावणार होता कशाला? "मला काय सांगतेस बाई," तो म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा."

"सोड," काका कुजबुजले. "पळ. गेटवर जा. सोड मला!"

"आता का सोडू?"

आणि दीडशे फोन एकदम वाजले.

पहिले काही जण हसत उठले. सरावच तो, मेसेजच्या पहिल्या ओळीत तसं लिहिलेलंही होतं. पंख्यांखालची माणसं तीन नंबरकडे निघाली, जवळचं दार तेच. चाकातून एक गेला, दोन गेले, मग कुणाच्या तरी पर्सचा पट्टा अडकला आणि चाक थांबलं. पुढच्यांनी मागे वळून सांगितलं, थांबा. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की आपण अजून आतच आहोत. हसणं कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. आधी एक बाई ओरडली, मग सगळ्या.

मोठ्या दरवाजाची किल्ली त्या वेळी सत्तर पावलांवर होती, सासऱ्याचं मनगट पिळून उभ्या असलेल्या सुनेच्या पट्ट्याला.

पैलवानाला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने फक्त आवाज ऐकला. आपलं गेट त्याने लाथेने उघडलं आणि त्या ढोलासारख्या आवाजात ओरडला, "इकडे! मागचे इकडे फिरा! हळू!" मागची रांग वळली. शंभरएक माणसं त्याच्या अंगाला घासून बाहेर गेली. तो कपाटासारखा मधोमध उभा राहून पोरांना उचलून पलीकडे ठेवत होता.

सून किल्ली घेऊन तीन नंबरला पोचली आणि कुलूप निघालं, तोवर दोन मिनिटं होऊन गेली होती. चाकात हात अडकलेली बाई तिची सासू होती.

मॅडमनी शिट्टी वाजवून सराव थांबवला. पण सराव दोरीच्या आत थांबला, बाहेर नाही. रस्त्यापलीकडच्या औषधवाल्याने घाईघाईने शटर ओढलं. त्याला मेहुणीचा फोन आला होता. तिला कुणीतरी पुढे पाठवलेला मेसेज मिळाला होता, आणि त्यात 'सराव' ही पहिली ओळ गळलेली होती. दुपारपर्यंत अर्ध्या गावाची शटरं खाली होती. गोळी सुटली नव्हती, बॅगेत जुनी वर्तमानपत्रं होती, आणि माणसं पोरांना मैदानावरून ओढून घरी नेत होती.

दवाखान्यात प्लास्टर घालायच्या खोलीबाहेर सासरा-सून एका बाकावर बसले. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"काल काही बोलला नसतात ना," ती म्हणाली, "तर मी तिथेच उभी राहिले असते. तुम्ही एक नंबरवरून आलात तरी. म्हटलं असतं, फिरून येतील, माझ्याकडेच येणार आहेत. तुम्ही सांगितलं होतं ना."

काकांना हे सुचलंच नव्हतं. गार्ड धावेल, याचा हिशेब त्यांनी केला होता. पोरीचा आपल्यावर विश्वास होता, तो हिशेबात धरायचा राहिला.

"आणि खरं सगळं सांगितलं असतंत, तरी उभी राहिले असते."

"हो."

"मग अर्धं कशाला सांगितलंत?"

आतून बायकोचा आवाज आला, डॉक्टरला दटावत होती की हळू गुंडाळा, या हाताने अजून भाकऱ्या थापायच्यात. काका उठून दाराशी गेले आणि पुन्हा येऊन बसले. त्यांना राहून राहून वाटत होतं, की ज्याने आज हे केलं तो दिसायला तरी हवा होता. एकतीस वर्षं त्याला काकांचा चेहरा होता, त्याला धरता यायचं, शिव्या देता यायच्या. आज तो वरच्या मजल्यावर होता: मॅडमच्या कार्यालयातली ऑपरेटर, एकवीस वर्षांची पोरगी, बटण दाबून खिडकीपाशी गेली होती. तिने काहीच नेलं नव्हतं आणि आणलं नव्हतं. कुलूप इथलं, नियम इथला, फोन लोकांचे, आणि सुनेला गेटवरून काढून नेणारा काकांचा स्वभाव. उद्या खरा कुणी आला तर त्याला एवढंसुद्धा करावं लागणार नाही. काकांसारखी माणसं प्रत्येक गेटवर आधीच नेमलेली असतात, आणि ती चांगली माणसं असतात, हीच तर सोय.

संध्याकाळी मॅडम दवाखान्यात येऊन गेल्या. त्यांनी अहवाल लिहिला होता, आणि त्यात आपली चूक पहिली लिहिली होती: बाकं कुठे मांडली आहेत ते पाहिलं नाही. किल्ल्या आता पट्ट्याला न लावता गेटवरच टांगायच्या, असा हुकूम निघाला. दुसरा हुकूम पुढच्या आठवड्यात निघाला, पैलवानाला कायम केल्याचा. तो पेढे घेऊन काकांकडे आला आणि दारातच अवघडून उभा राहिला; आनंद करावा की माफी मागावी, ते त्याला ठरवता येईना. काकांनी पेढा घेतला.

पाच महिन्यांनी क्वार्टर सुटलं. तेव्हा कुणी काय दिलं ते असं: बायकोने उजवं मनगट, जे आता पावसाळी हवेत दुखतं, आणि शेजारणी. सुनेने कायमची नोकरी, तिला मालाच्या गोदामावर नेलं, कंत्राटावरच. नातीने शाळा, आता दोन बस बदलून. औषधवाल्याने आणि त्याच्या रस्त्याने एक अख्खा दिवस. मॅडमनी पुढची बढती. बटण दाबणाऱ्या मुलीचा चहा निवला. आणि अतिरेकीकाका, ज्यांना एवढ्या जणांनी मिळून पकडलं, त्यांना कुठे साधं खरचटलंही नाही.